आमच्या नौकेवरूनच जातात ते उपग्रह: मुंबईच्या वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यातून एक खुलं पत्र

प्रति,
उपग्रह इंटरनेटचे परवाने, दर आणि अटी ठरवणारे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातले अधिकारी,
तसंच महाराष्ट्र शासनाचे माहिती तंत्रज्ञान आणि मत्स्यव्यवसाय विभाग

सन्माननीय महोदय, महोदया,

माझा धाकटा भाऊ तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान आहे. आमची नौका घेऊन तो आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात जातो, बरोबर सात खलाशी असतात. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत नौका बंदराला लागल्या लागल्या तो मला म्हणाला, "ताय, पहाटे जाळं ओढताना आकाशात दिव्यांची माळ बघितली. एकामागून एक, सरळ रांगेत. आवाज नाय, काय नाय. एका खलाशाने तर हातच जोडले." मी मोबाइलवर शोधून त्याला दाखवलं की ते इंटरनेटचे उपग्रह होते. रॉकेटमधून सोडल्यावर वर चढून आपापल्या जागी पोचेपर्यंत काही दिवस ते असे रांगेत दिसतात. तो व्हिडिओ त्याने दोनदा बघितला आणि मला विचारलं, "म्हणजे इंटरनेट आमच्या डोक्यावरून गेलं? मग आमाला रेंज का नाय?"

त्याला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जे जे मिळालं ते वाचत गेले, दोन-तीन ठिकाणी विचारूनही आले. आता दर आणि अटी ठरत आहेत, राज्य सरकारने करारही केला आहे, आणि यात आमचा उल्लेख कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. वडील तांडेल होते, आजोबा शिडाच्या होडीवर. नौकेची कागदपत्रं मी सांभाळते. परवाना, विमा, डिझेलचा परतावा, बर्फाचा हिशेब, खलाशांची ओळखपत्रं, निघण्याआधीचं टोकन, सगळं माझ्याकडे. मावरं, म्हणजे मासळी आली की लिलावाला मी उभी राहते. नौका निघाली की साधारण दहा-बारा मैलांवर टॉवर सुटतो. वायरलेस सेट आहे, पण त्यावर फार तर वीस-पंचवीस मैलांवरची दुसरी नौका ऐकू येते, किनारा नाही. त्यानंतर नौका परत त्या पट्ट्यात येईपर्यंत आमच्याकडे खबर नसते. परत येताना खलाशी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठीला बांधतात आणि काठी डोलकाठीच्या बाजूला उंच धरतात. रेंज लागली की आठवड्याभराचे मेसेज एकदम वाजायला लागतात. घरात तो पहिला फोन येतो तेव्हा माझी वयनी हातातलं काम टाकून उठते.

गेल्या हंगामातली गोष्ट. पालघरकडचा बावीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. रात्री अकराच्या सुमारास जाळं ओढायच्या विंचच्या दोरात त्याचा हात सापडला आणि दोन बोटं तुटली. नौका पासष्ट सागरी मैलांवर होती. भावाने जाळं तसंच कापून सोडलं आणि नौका फिरवली. रक्त थांबवायला टॉवेल घट्ट बांधावा की सैल, हे त्याला माहीत नव्हतं. बोटं मात्र त्याने आठवणीने उचलली होती. खाली बर्फाचं खण भरलेलं, म्हणून ती त्याने नीट बर्फात पुरून ठेवली. त्याला वाटलं, ताजी राहतील. सकाळी सहानंतर रेंज आली, साडेआठला आम्ही मुलाला इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले की तुटलेलं बोट थेट बर्फात ठेवायचं नसतं. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोटं नक्की जोडली गेली असती असं ते म्हणाले नाहीत. प्रयत्न करता आला असता, एवढंच म्हणाले.

एका वाक्याचा सल्ला होता तो. सात तास नौका अंधारात धावत होती आणि ते एक वाक्य तिच्यापर्यंत पोचवायला काही साधन नव्हतं. त्या रात्रीही डोक्यावरून उपग्रह जात असतीलच. तो मुलगा आता गावी असतो, डाव्या हाताने जेवायला शिकला आहे. माझा भाऊ अजून त्या बर्फाबद्दल बोलतो.

मी जे वाचलं ते थोडक्यात मांडते, म्हणजे माझी मागणी हवेतली वाटणार नाही.

दूरदर्शनचे आणि जुन्या दूरसंचाराचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथून ते एका जागी स्थिर दिसतात आणि एकच उपग्रह अख्खा देश बघतो. पण सिग्नलला जाऊन येऊन अर्धा सेकंद लागतो, बोलणं अडखळतं. नवे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. जवळ असल्यामुळे त्यांच्यावरून मोबाइलसारखं बोलता येतं, चित्रही दिसतं. मात्र इतक्या खाली आलेला उपग्रह ताशी २७ हजार किलोमीटर वेगाने धावतो, साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करतो आणि आपल्या डोक्यावर काही मिनिटंच असतो. एक मावळला की दुसरा हजर हवा. त्यासाठी शेकड्यांनी नाही, हजारांनी उपग्रह लागतात. ते साधारण पाच वर्षं टिकतात, मग पुन्हा नवे सोडायचे.

एकदा उडून समुद्रात बुडणाऱ्या रॉकेटांनी हे कुणालाच परवडलं नसतं. रॉकेटचा पहिला टप्पा हा सगळ्यात महागडा भाग. २१ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत येऊन जमिनीवर उभा राहिला. ८ एप्रिल २०१६ रोजी तसाच एक टप्पा भर समुद्रात, तरंगत्या तराफ्यावर उतरला. मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. आज काही टप्पे तीसपेक्षा जास्त वेळा उडून आलेले आहेत. मे २०१९ मध्ये त्या कंपनीने स्टारलिंक या आपल्या इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकाच रॉकेटमधून सोडले. आता तिचे एकटीचेच आठ हजारांहून जास्त उपग्रह वर फिरत आहेत.

ते उतरणं मी कितीदा बघितलंय याची गणती नाही. उड्डाणानंतर आठ-नऊ मिनिटांत चाळीस मीटरहून उंच नळकांडं समुद्रावरच्या साधारण नव्वद मीटर लांब तराफ्यावर येऊन चार पायांवर टेकतं. लाटा, वारा, तराफ्याचं हलणं, सगळं सांभाळून. समुद्रात वाढलेल्या माणसाला हे किती अवघड आहे ते कळतं. आम्हाला दोन नौका एकमेकींना लावताना घाम फुटतो. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या तराफ्यावर एकही माणूस नसतो आणि तरी तो जगाशी जोडलेला असतो, त्याच्यावर त्याच उपग्रहांची अँटेना बसवलेली असते. आमच्या नौकेवर आठ माणसं असतात. भर समुद्रात, हलत्या डेकवर हे इंटरनेट चालतं याचा पुरावा आणखी कुणी मागू नये.

आपली इस्रोही यात मागे नाही, हे अभिमानाने लिहिते. २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या एलव्हीएम ३ रॉकेटने वनवेब कंपनीचे ३६-३६ इंटरनेट उपग्रह वर नेले. त्याच रॉकेटने २४ डिसेंबर २०२५ ला ब्लूबर्ड नावाचा सहा टनांचा उपग्रह सोडला, तो थेट साध्या मोबाइलशी जोडला जाण्यासाठी आहे. पुन्हा वापरता येणाऱ्या यानाच्या उतरण्याच्या चाचण्या कर्नाटकात चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४ मध्ये यशस्वी झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या नव्या रॉकेटला मंजुरी दिली, त्याचा पहिला टप्पाही परत वापरता येणारा असणार आहे. श्रीहरिकोट्याच्या उड्डाणांच्या वेळी तिकडच्या मच्छीमारांना समुद्राच्या ठरावीक भागात जायची मनाई असते. ते बिचारे तेवढा धंदा सोडतात. देशाच्या कामासाठी दर्यावरची माणसं आपला वाटा उचलतच असतात.

आता आमचं गाऱ्हाणं.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांची नावं जाहीर झाली, शाळा आणि आरोग्य केंद्रं आली, बंदरं आणि किनाऱ्यावरचे पोलीस आले. ते सगळं योग्यच आहे. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर ऑनलाइन दिसला तर मला आनंदच होईल. पण जेवढं वाचायला मिळालं तेवढं मी ओळ न् ओळ वाचलं. 'मासेमारी नौका' हे दोन शब्द मला कुठे सापडले नाहीत. किनाऱ्यावरून समुद्रावर नजर ठेवणाऱ्यांचा विचार झाला, प्रत्यक्ष समुद्रात असणाऱ्यांचा झाला नाही.

आणि नजर ठेवायला मात्र आम्ही यादीत आहोत. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह सेवेसाठी ज्या सुरक्षेच्या अटी घातल्या, त्यात देशाच्या जमिनीवरच्या सीमेलगतचा ५० किलोमीटरचा पट्टा आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं क्षेत्र विशेष देखरेखीखाली धरलं आहे. आमची मासेमारी सगळी याच २०० मैलांत होते. याचा अर्थ आमचा अख्खा दर्या तुमच्या देखरेखीच्या नकाशावर आहे, फक्त सेवेच्या नकाशावर नाही.

सुरक्षेचं गांभीर्य आम्हाला शिकवावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी आले ते पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवून. त्यावरच्या खलाशांना त्यांनी मारलं. ते आमच्यासारखेच पोटासाठी बाहेर पडलेले होते. रबरी होडीतून अतिरेकी उतरले ते मच्छीमार नगरात, आणि तुम्ही कोण, कुठून आलात, असं त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळी माणसांनी. त्यानंतर नौकांना रंग ठरले, ओळखपत्रं आली, टोकन आलं, तपासण्या वाढल्या. आम्ही सगळं पाळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ तटरक्षक दलाने सहा टनांच्या आसपास अमली पदार्थ भरलेली बोट पकडली, तेव्हा तिच्यावर स्टारलिंकचं उपकरण सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. चोराने ते बेकायदा आणलं आणि वापरलं. ज्याच्या नौकेचा नंबर, रंग, खलाशांची नावं, निघण्याची वेळ सगळं सरकारकडे आहे, त्याला ते कायदेशीर मार्गाने मिळायची सोय नाही. आमच्या अँटेनाची जागा तुम्हाला क्षणोक्षणी कळू दे, आमची त्याला ना नाही. उलट वादळात तेच आम्हाला हवं आहे.

पत्त्याचा मुद्दा ऐकायला लहान वाटतो, पण यात आम्ही पुरते अडकणार आहोत. मे २०२५ मध्येच दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की कंपन्यांनी उत्पन्नाच्या ४ टक्के आकार द्यावा, आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा द्यावेत. ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या ग्राहकाला उपकरणासाठी मदत देण्याचा विचार व्हावा, असंही सुचवलं. हेतू चांगला आहे, कंपन्यांनी शहर सोडून गावात जावं. पण आमच्या नौकेचा पत्ता काय? वेसावे, अंधेरी पश्चिम, मुंबई. वरळी, माहीम, कुलाबा, मढ, सगळीकडच्या नौकांचे पत्ते मुंबईचे. मी हाच प्रश्न घेऊन एका कार्यालयात गेले होते. खुर्चीवरच्या गृहस्थांनी आदरानेच सांगितलं, "मॅडम, ही सेवा दुर्गम भागासाठी आहे. तुम्ही तर मुंबईत राहता, तुमच्याकडे फाइव्ह जी आहे." मी राहते मुंबईत. माझा भाऊ वर्षातले सहा महिने जिथे असतो तिथे फाइव्ह जी काय, टू जीसुद्धा नाही. त्या जागेला दुर्गम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? नियम ग्राहकाचा पत्ता बघणार असतील तर मुंबईची प्रत्येक नौका कायमची शहरी ठरेल.

दराचं म्हणाल तर समुद्रातली सेवा आजवर जहाजवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली. विमानात आणि जहाजात इंटरनेट देण्याचे आपले नियम डिसेंबर २०१८ मध्ये आले, त्यांचा फायदा मालवाहू आणि प्रवासी जहाजांना झाला. स्टारलिंकने जुलै २०२२ मध्ये सागरी सेवा सुरू केली तेव्हा महिन्याला ५,००० डॉलर आणि उपकरणाला १०,००० डॉलर असा दर होता. पुढे तो खाली आला, पण जमिनीवरच्या घराला एक दर आणि समुद्रासाठी वेगळा, चढा दर, ही पद्धत राहिली. आमचं गणित असं असतं की डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा पगार, जाळ्याची दुरुस्ती वजा जाता एखादी फेरी चांगली जाते, एखादी अंगावर येते. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा कमाई शून्य. दोन महिने न वापरलेल्या सेवेचं भाडं कोण भरणार? पंधरा-सोळा मीटरच्या लाकडी नौकेला जहाजाच्या तराजूत तोलू नका.

आणि इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. उपग्रह मुंबईवर येऊन थांबत नाही, तो पुढे अरबी समुद्रावर जातोच. शहरावर असताना त्याच्यावर ग्राहकांचा भार असणार, समुद्रावर गेल्यावर त्याच्याकडे देण्यासारखी क्षमता असते आणि घेणारं जवळजवळ कुणी नसतं. आमच्या नौका शंभर सागरी मैलांवर, म्हणजे १८५ किलोमीटरवर असल्या तरी मुंबईत ग्राउंड स्टेशन, म्हणजे उपग्रहाला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारं केंद्र, असेल तर त्या त्याच्या टप्प्यात येतात. आमच्यासाठी एकही जादा रॉकेट उडवावं लागणार नाही, एकही जादा उपग्रह लागणार नाही. जे रिकामं चाललं आहे त्यातलं थोडं मागतो आहोत.

मागायचा हक्क कुठून आला, असं कुणी विचारेल. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे उपग्रह सेवेच्या रेडिओ लहरी (स्पेक्ट्रम) लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने दिल्या जाणार आहेत. त्यामागचं कारण मला पटतं, कारण त्याच लहरी अनेक कंपन्या वाटून वापरू शकतात. तरी त्या लहरी लोकांच्या मालकीच्या आहेत. आमच्या बंदरावर पापलेटची एक पाटी लिलावाशिवाय हलत नाही. जिथे लिलाव नाही तिथे घेणाऱ्याने काहीतरी जबाबदारी पत्करली पाहिजे, आणि ती परवान्यात लिहिली गेली पाहिजे. नंतर विनंत्या करून कंपनी ऐकत नसते.

वेसाव्याच्या किनाऱ्याचं आणखी एक सांगायचं राहिलं. भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या इंटरनेट केबलपैकी मोठा भाग मुंबईत जमिनीवर येतो, त्यातल्या कितीतरी आमच्याच किनाऱ्याला. आम्ही जिथे लहानपणी ओहोटीला शिंपल्या वेचल्या, त्या वाळूखालून देशाचं इंटरनेट जातं. जगभर केबल तुटतात त्याचं मोठं कारण नांगर आणि जाळी, म्हणून केबलच्या वाटेवर नांगर टाकू नका, जाळं लावू नका, असं आम्हाला सांगितलं जातं आणि आम्ही ते ऐकतो. खाली केबल, वर उपग्रह, आणि मधल्या पाण्यावर आमची नौका, तीही रेंजशिवाय. हे लिहिताना माझा हात थांबतो.

आता सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत १ लाख नौका, तंत्र इस्रोचं. संकटात बटण दाबता येतं, छोटे संदेश जातात-येतात, वादळाचा इशारा पोचतो. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ आठवणाऱ्या कोकणातल्या कुठल्याही घराला विचारा, त्या दिवशी असं यंत्र असतं तर काय झालं असतं. त्या मुलाची बोटं तुटली त्या रात्री ट्रान्सपॉन्डर आमच्या नौकेवर नव्हता. असता तर 'तुटलेलं बोट पिशवीत घाल' एवढा संदेश त्यावरूनही पोचला असता, हे मी मान्य करते. पण विचारणार कोणाला? पलीकडे डॉक्टर हवा, त्याला जखम दिसायला हवी. छोट्या संदेशात जखम दिसत नाही. ट्रान्सपॉन्डर असू द्याच, प्रत्येक नौकेवर असू द्या. त्याच्या जोडीला बोलणं आणि चित्र हवं.

माझ्या मागण्या अशा.

परवान्यात आणि राज्याच्या करारात 'नोंदणीकृत मासेमारी नौका' हा वेगळा ग्राहक वर्ग लिहा. नौकेचा पत्ता न बघता ती जिथे काम करते ती जागा बघा, आणि तिला दुर्गम भागाच्या सवलती लागू करा. शहरी ग्राहकाचा जादा आकार तिच्यामागे लावू नका.

नौकेसाठीचा मासिक दर जमिनीवरच्या घरगुती दरापेक्षा जास्त असू नये. बंदीच्या दोन महिन्यांत भाडं घेऊ नये. उपकरणाची किंमत एकट्या नौकेला झेपत नसेल तर मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर द्या, दुर्गम भागातल्या दूरसंचारासाठी असलेल्या केंद्राच्या डिजिटल भारत निधीतून आणि मत्स्यव्यवसायाच्या योजनांतून तिला हातभार लावा. संस्था डिझेलचे हिशेब सांभाळतात, हेही सांभाळतील.

सगळ्यात महत्त्वाचं, संकटाच्या वेळचा फोन आणि डॉक्टरशी बोलणं हे पैसे भरलेले असोत वा नसोत, चालू राहिलं पाहिजे. किनाऱ्यावर एका सरकारी इस्पितळात चोवीस तास मराठी, हिंदी बोलणारा डॉक्टर नौकांसाठी नेमा. तो नसेल तर अँटेना लावून काय करायचं?

आमच्या अँटेनावरून जागेची जी माहिती तुमच्याकडे जमा होईल ती सुरक्षेसाठी वापरा, शोध आणि बचावासाठी वापरा. ती व्यापाऱ्याला किंवा दुसऱ्या नौकेला मिळणार नाही असं लेखी द्या. तांडेलाची मासळीची जागा ही त्याच्या बापाने आणि आज्याने त्याला दिलेली ठेव आहे.

आणि अटी अंतिम करण्याआधी एकदा मच्छीमार संस्थांना बोलवा. बायकांनाही बोलवा. नौका समुद्रात असते तेव्हा फोनच्या या टोकाला आम्ही असतो.

लगेच सगळ्या नौकांना द्या असं माझं म्हणणं नाही. राज्याच्या प्रायोगिक टप्प्यात पाच नौका घ्या. एक वेसाव्याची, एक ससून डॉकची, बाकीच्या पालघर, रायगड, रत्नागिरीच्या. आमची नौका मी आजच देते. अशा अँटेनाला ५० ते ७५ वॅट वीज लागते असं मी वाचलंय. नौकेवर बॅटरी आहे, इंजिन चालू असताना ती चार्ज होते, तेवढं पुरेल असं आमच्या मेकॅनिकचं मत आहे. केबिनच्या छतावर मागच्या बाजूला जागा मोकळी आहे, तिथे विंचचा दोर लागत नाही. खारं पाणी आणि हेलकावे यांनी उपकरण किती टिकतं, ते एका हंगामात कळेल. त्याची नोंद मी स्वतः रोज वहीत ठेवीन आणि जसं घडेल तसं तुम्हाला कळवीन, चांगलं असो वा वाईट.

बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, रंग आणि कल्हातीचं, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवण्याचं काम चालू असतं, माणसं घरी असतात. अँटेना बसवायला जून-जुलैच सोयीचे. १ ऑगस्टला भाऊ पुन्हा निघेल.

आपली विश्वासू,
वेसावे कोळीवाड्यातली एक तांडेलाची मुलगी आणि तांडेलाची बहीण